मुलगी मुलांच्या टीममधून फुटबॉल खेळली तर काय बिघडतं?

डिचोलीची_आई:
माझी मुलगी सातवीत आहे, वय १२. भातकापणी झाली की घरामागच्या शेतात वाड्यावरची पोरं दोन-दोन काठ्या रोवून गोल करतात आणि ही पहिलीत असल्यापासून त्यांच्यातच खेळते, अनवाणी. यंदा तालुका लेव्हलला शाळेची टीम निवडली तर सर म्हणाले मुलांच्या टीममध्ये हिला घेता येत नाही, आणि मुलींची टीम करायची तर खेळणाऱ्या मुली सगळ्या मिळून चार. घरी आली, बूट पिशवीत कोंबले आणि माळ्यावर टाकले, जेवलीपण नाही. मुलामुलींनी एकत्र खेळू नये याला खरंच काही कारण आहे का?

फोंड्याचा_पीटी_सर:
ताई, कारण आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत पळण्यात फारसा फरक नसतो, सहावीत तर कितीदा मुलीच उंच असतात. पण तेरा-चौदानंतर मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग ताकद आणि स्पीड दोन्हीत ती पुढे जातात. १०० मीटरचा रेकॉर्ड बघा, पुरुषांचा ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९. नववी-दहावीत सगळ्यांना एकत्र पळवलं तर फायनलला मुलगी दिसायचीच नाही. वेगळा गट ही मुलींची हक्काची जागा आहे, ती घालवू नका.

पेडणेकर_९०:
सर, पटलं, पण ही मुलगी बाराच वर्षांची आहे ना? आणि तिच्यासाठी ती हक्काची जागा आहे कुठे, चार मुलींची टीम होत नाही म्हणून तिने घरी बसायचं? इंग्लंडमध्ये मुलामुलींच्या मिक्स फुटबॉलला आधी ११ वर्षांची मर्यादा होती, ती वाढवत वाढवत १८ वर नेली. आणि आपल्याकडे २०२२ ला फातोर्ड्याला मुलींच्या अंडर १७ वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमीफायनल झाल्या, तेव्हा स्टेडियममध्ये टाळ्या वाजवणारे आपणच होतो.

सत्तरीची_रेडर:
मी शाळेत कबड्डी खेळायचे, प्रॅक्टिस मुलांबरोबर आणि मॅच मुलींची. मुलांची पकड सोडवून रेषेला हात लावायची सवय झाली की मॅचला समोरच्या मुली कितीही दांडग्या असल्या तरी भीती वाटायची नाही. त्रास झाला तो वेगळाच, कपडे बदलायला खोली नव्हती, लॅबच्या मागे दोघी ओढणी धरून उभ्या राहायच्या आणि तिसरी बदलायची. आठवीनंतर आमच्यातल्या निम्म्या मुली त्यापायीच सुटल्या. मुलांशी खेळून कोणी सुटली नाही. ताई, प्रॅक्टिस अजिबात बंद करू नका.

फोंड्याचा_पीटी_सर:
हे मात्र शंभर टक्के खरं. ताई, शाळेत चारच असतील तर आजूबाजूच्या दोन-तीन शाळांतल्या मुली गोळा करा, मैदानावर सात-सात जणी झाल्या तरी सुरुवात होते. शाळेची स्पर्धा नाही तर नाही, क्लबतर्फे उतरता येईल.

डिचोलीची_आई:
थँक्यू सगळ्यांना. बूट काल मीच खाली काढून उन्हात ठेवलेत. डिचोली-साखळीकडे कोणाची मुलगी फुटबॉल खेळत असेल तर इथे लिहा, कापणी झाली की दर रविवारी सकाळी ७ ला आमच्या शेतात, मुलंही असतील.