फ्रेंच पाहुणीला तिचे पुढचे बेत कसे विचारू?

कर्लीकाठ
देवबागला आमचं घरगुती निवास आहे, चार खोल्यांचं. तीन आठवडे एक फ्रेंच मुलगी राहतेय, सव्वीस वर्षांची. इंग्रजी तिलाही जेमतेम, मलाही. दिवसभर कर्ली नदीच्या मुखाशी बसते, दिवेलागणीला पडवीत माझ्याजवळ येते. नोकरी सोडून आली, एवढंच कळलंय. माझी लेक त्याच वयाची, त्यामुळे जीव तुटतो.

परवा मी नारळ खवत होते, तिने विळी मागून घेतली. म्हटलं, आता विचारावं. मोबाईलमध्ये 'तुमचं ध्येय काय' घातलं आणि आलं ते वाचलं, 'केल ए व्होत्र ब्यूत?' तिचा हात थांबला. 'ब्यूत?' म्हणाली आणि अर्धी खवलेली वाटी तशीच धरून बसली. माझं काय चुकलं?

सुरंगी
ताई, व्याकरण चुकलेलं नाही. 'ब्यूत' म्हणजे ध्येय, फुटबॉलमधला गोलही तोच. पण त्याला 'व्होत्र', म्हणजे 'तुमचं', जोडलं की मुलाखतीला बसवल्यासारखं होतं. 'ओब्जेक्तिफ', म्हणजे उद्दिष्ट, त्याहून कचेरीतला. पडवीत बसून आपण तरी कुणाला ध्येय विचारतो? 'पुढं काय ठरवलंयस?' असंच म्हणतो ना. त्याला त्यांचा शब्द 'प्रोजे', मनातले बेत. म्हणा, 'त्यू आ दे प्रोजे पूर ला स्वीत?' मी पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये शिकले. डेल्फ म्हणून फ्रेंचची परीक्षा असते, तिच्या बी १ पातळीच्या तोंडीतही आपल्या 'प्रोजे'बद्दल बोलायचं असतं.

आगबोट
त्याआधी 'वू'वरून, म्हणजे 'तुम्ही'वरून, 'त्यू'वर, म्हणजे 'तू'वर या. बोटीवर फ्रेंच सोबत्यांबरोबर बरीच वर्षं काढली, त्यांच्यात हे विचारून करतात, 'ओँ प स त्यूत्वाये?' म्हणजे अरे-तुरे चालेल ना? वयाने मोठ्याने आधी विचारायचं, म्हणजे तुम्हीच. 'ओँ' नाकातून काढा, आपलं 'खंय' येतं तसं. मालवणी जिभेला ते जड नाही. 'त्यू'ला जीभ 'ई'ची ठेवायची आणि ओठ 'ऊ'चे.

उत्तर मात्र कान देऊन ऐका. 'जेमरे' म्हणाली तर 'आवडेल मला', अजून नुसती इच्छा. 'ज कोंत' म्हणाली तर बेत पक्का. ते क्रियापद मुळात मोजण्याचं. 'जेमरे'वर लगेच 'कधी, कसं' विचारू नका.

कर्लीकाठ
दोघांचे आभार. काल रात्रभर पुटपुटत होते.

आज सहाच्या ओहोटीला तिला खाडीत कालवं काढायला नेलं. वाटेत 'त्यूत्वाये' विचारलं, तिने माझा हात धरला. दगडावरचं एक कालव फोडून तिच्या तळहातावर ठेवलं. 'वीत्र!' म्हणाली, कालवाला त्यांच्यात तेच नाव. मग मी प्रोजे विचारले. बराच वेळ शिंपलं बोटाने पुसत राहिली. 'जेमरे...' म्हणाली, आणि पुढचं मला समजेना म्हणून तिने मोबाईलमधला एक फोटो उघडून दाखवला. ब्रिटनीतलं कांकाल, ओहोटीला उघडे पडलेले कालवांचे वाफे, गुडघाभर चिखलात तिचे आजोबा. ते आता थकलेत.

मी 'कधी' विचारलं नाही. उद्याची ओहोटी सातच्या सुमाराला आहे, तिने गजर लावलाय.