कोल्टची पाचर जाम होते, कानस कुठल्या बाजूला लावायची?

भोसरीचा_फिटर
नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हत्यार पुण्यात नाही, माझ्याकडे तर नाहीच. भाचा ओहायोत असतो. त्याने १८६० च्या कोल्ट आर्मी रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल घेतली आहे, पॉइंट ४४ ची. सिलेंडरच्या तोंडातून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे कॅप, म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. तिकडच्या केंद्रीय कायद्यात ही अँटिकमध्ये मोडते म्हणे, म्हणून स्वारी खूश.

आता दुखणं. बॅरल आणि फ्रेम यांना धरून ठेवते एक आडवी पाचर. बॅरलच्या खाचेतून जाते आणि मधल्या दांड्याच्या, म्हणजे आर्बरच्या, खाचेतून पार होते. ती निघता निघत नाही. चिरंजीवांनी लोखंडी हातोडी चालवून तिचं टोक फुलवून ठेवलं. बरं, परत पूर्ण ठोकली की सिलेंडर फिरत नाही, आणि थोडी बाहेर ठेवली की बॅरल डुगडुगते. 'मामा, तुम्ही उभा जन्म टूलरूममध्ये काढलात, सांगा ना.' मला टेपर कळतो, रिव्हॉल्व्हर कळत नाही. सायकलच्या क्रँकची कॉटर पिन आपण निळं लावून (म्हणजे कुठे घासतंय ते दाखवणारा रंग), घासून बसवायचो, तसंच करायचं का? आणि कुठली कड घासायची?

पेठेतला_पक्या
काका, ओहायोत आहे ते बरंय. कुणी हे वाचून जुन्या बाजारातून काही उचलून घरी कानस काढून बसू नका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. बाकी चालू द्या, मी वाचतोय.

ठासणीवाला_बाणेर
काका, कानस खाली ठेवा. आधी पाचर काढण्याबद्दल.

नळीत, सिलेंडरमध्ये काही नाही आणि कॅप्स उतरवल्यात, हे त्याने डोळ्यांनी बघायचं. मग पाचर उजवीकडून डावीकडे ठोकायची. उजव्या बाजूला तिच्या स्प्रिंगचं नाक खाचेच्या कडेला अडकलेलं असतं, ते आधी दाबायचं. डावीकडचा स्क्रू पाचर पूर्ण निसटू नये म्हणून असतो. पितळी ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) किंवा प्लॅस्टिकची मॅलेट, लोखंड नाही. पाचर सरकल्यावरही बॅरल येत नसेल तर घोडा हाफ-कॉकवर, म्हणजे अर्धा ओढून, आणायचा, सिलेंडर असा फिरवायचा की दोन घरांमधली भिंत ठासणीच्या दांड्यासमोर येईल, आणि त्या दांड्याची लिव्हर दाबायची. बॅरल आपोआप पुढे सरकते.

आता मुख्य. पूर्ण ठोकल्यावर सिलेंडर जाम होतो, ही पाचरीची चूक नाही. मूळ कोल्टमध्ये आर्बरचं टोक बॅरलच्या भोकात तळाला टेकायचं. पाचर कितीही ठोका, बॅरल त्याहून मागे येऊच शकत नाही. बऱ्याच इटालियन नकलांत आर्बर तोकडा पडतो. मग पाचर बॅरलला मागे ओढत राहते आणि बॅरल सिलेंडरला जाऊन भिडते. कॉटर पिन घट्ट बसली की काम संपलं. इथे पाचर किती आत जाते यावर सिलेंडर आणि बॅरलमधली फट ठरायला लागते, आणि ते तिचं काम नाही.

तपासणी सोपी आहे. सिलेंडर काढा, बॅरल किंचित तिरपी फिरवून आर्बरवर चढवा आणि तळाला लागेपर्यंत दाबा. बॅरलच्या खालच्या भागाची मागची कड फ्रेमच्या पुढच्या तोंडाशी बरोबर जुळली पाहिजे. ती फ्रेमच्या बाजूने मागे निघून जात असेल, तर जेवढी जाते तेवढा आर्बर तोकडा.

भोसरीचा_फिटर
वा! म्हणजे टेकू नाही आणि आपण पाचरीला शिव्या देतोय. व्हिडिओ कॉलवर करवून घेतलं. कड चांगलीच मागे जाते, डोळ्याला दिसते. मग भोकाच्या तळाशी शिम, म्हणजे पातळ चकती, टाकायची ना? गोल पंच करून, स्टीलची?

ठासणीवाला_बाणेर
हो. आधी पातळ शिमा एकावर एक टाकून बघायचं. पाचर दाबून बसवल्यावर सिलेंडरसमोर ०.१५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जेमतेम जायला हवी. फट याहून फार कमी ठेवू नका. काळ्या दारूची निम्म्याहून जास्त राख मागे उरते, काही फेऱ्यांतच सिलेंडर जड होतो. माप मिळालं की त्या जाडीचा एकच तुकडा बसवायचा.

पाचर मात्र शेवटी. तिची पुढची कड आर्बरच्या खाचेला रेटते, मागची बॅरलला. फुललेलं टोक आणि कडेला उठलेली धार तेवढी काढा, मग निळं लावून बघा.

भोसरीचा_फिटर
हे माझ्या प्रांतातलं. घासायचं झालं तर पाचरच, बॅरलची खाच नाही. पाचर नवी मिळते. त्याला स्मूथ कानस, तेलातला बारीक एमरी आणि एक जादा पाचर मागवायला सांगितलंय. शिवाय नेमबाजीनंतर त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, तेल लावायचं. ती राख हवेतली ओल ओढते, पाचर रात्रभरात गंजून धरते. 'उद्या करतो' म्हणाला, तेव्हा त्याच्या आईला फोन लावला.

पेठेतला_पक्या
रेमिंग्टन घेतली असती तर ही कटकटच नव्हती. सिलेंडरच्या वरून फ्रेमचीच पट्टी जाते, पाचरच नाही.

भोसरीचा_फिटर
सांगितलं त्याला. म्हणतो, कोल्ट दिसायला छान.