अनुभव धागा : लक्षद्वीपच्या लगूनमध्ये उतरताना

दिवाळी झाली की लक्षद्वीपच्या सहलींची चौकशी सुरू होते. परमिट, कोचीहून जहाज की अगत्तीचं विमान, राहायचं कुठे, हे सगळं आता सहज कळतं. पाण्यात पाय टाकल्यानंतरचं मात्र कोणी नीट सांगत नाही. म्हणून हा धागा. अगत्ती, बंगाराम, कदमत, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय, यांपैकी कुठलंही बेट आणि स्नॉर्केल (तोंडात नळी धरून तरंगत खाली बघणं), स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल उतरणं), कयाक (वल्ह्याची छोटी होडी), रीफवरची म्हणजे प्रवाळाच्या भिंतीवरची भटकंती यांतलं जे पक्कं माहीत असेल ते लिहा. किती, कसं, कधी, कशामुळे बिघडतं, हे हवं आहे. 'स्वर्ग आहे' एवढ्याने जाणाऱ्याचा काही फायदा होत नाही.

*

पाण्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

यांतल्या बहुतेक बेटांची रचना सारखी: पूर्वेच्या कडेला लांबट बेट, पश्चिमेला उथळ लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या बाहेर प्रवाळाची भिंत. बाहेरच्या लाटा भिंतीवर फुटतात, पाणी आत पडतं, आणि आत साचलेलं पाणी भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडतं. बोटी येतात-जातात तीच ही खिंड, तिला तिथे चॅनल म्हणतात. ओहोटी लागली की चॅनलची ओढ वाढते. लगूनच्या मध्यावर पाणी संथ दिसतं आणि दोनशे मीटरवर चॅनलपाशी ते माणसाला ओढून नेण्याइतकं पळत असतं. त्यामुळे चॅनलजवळ पोहायचं नाही, आणि ओहोटीत तर तिकडे तोंडही करायचं नाही.

कोकणातल्या लोकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. इथे तो हिशेब धरू नका. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, इथे सगळा फरक मीटर-दीड मीटरचा. हे ऐकून माणूस गाफील राहतो, पण ज्या रीफच्या माथ्यावर भरतीला जेमतेम दीड मीटर पाणी असतं तिथे ओहोटीला पोट घासतं. बेटावरच्या बोटवाल्याला आदल्या संध्याकाळी वेळ विचारा. भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास-दीड तास आणि नंतरचा अर्धा तास सगळ्यांत चांगला.

उतरल्यावर पहिली दोन मिनिटं फिन (पायात घालायचे रबरी पंजे) न हलवता नुसतं तरंगायचं. किनाऱ्यावरचा एखादा माड आणि त्यामागचं दुसरं काही एका रेषेत धरून ठेवा. मिनिटाला पंधरा मीटरपेक्षा जास्त सरकत असाल तर बाहेर या. त्याहून कमी असेल तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणीच आणून सोडतं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. जाताना मजा वाटते आणि परतताना पायात गोळे येतात.

*

मास्कबद्दल. भाड्याच्या ढिगातून मास्क घेताना पट्टा बाजूला करून तो नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर पट्टा कितीही आवळला तरी आत पाणी येणारच. उलट जास्त आवळल्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि गळती वाढते. पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर हवा, मानेवर नाही. कडेखाली केसाची एक बट राहिली तरी गळतं. मिशीवाल्यांनी नाकाखालचा बोटभर पट्टा बारीक केला तर निम्मा त्रास जातो.

नवा मास्क विकत नेणार असाल तर घरीच काचेला आतून साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नको) बोटाने चोळून धुवा, दोन-तीन वेळा. कारखान्यातून काचेवर जो पातळ थर येतो तो गेल्याशिवाय वाफ धरणं थांबत नाही. उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब पसरून समुद्राच्या पाण्यात एकदाच बुडवायचं.

चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधीच शोधावा, बेटावर मिळेलच असं नाही. अख्खा चेहरा झाकणारा मास्क मी कोणालाच सुचवत नाही. त्यात बाहेर टाकलेली हवा साठून पुन्हा आत घेतली जाऊ शकते, घाबरल्यावर तो पटकन निघत नाही आणि नाक चिमटीत धरता येत नसल्याने कान मोकळे करता येत नाहीत.

*

जहाजाने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अनेक बेटांवर जहाज लगूनच्या बाहेर थांबतं आणि बाजूच्या दारातून छोट्या बोटीत उतरवतात. बोट वर-खाली होत असते. ती लाटेच्या माथ्यावर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाऊल टाकायचं. खाली जात असताना टाकलं तर पाय हवेत राहतो. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवरच्या सॅकमध्ये. चाकांची मोठी बॅग इथे सगळ्यांना अडचणीची. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या तास-दीड तास आधी घ्यावी लागते. एकदा मळमळायला लागलं की उपयोग होत नाही. मात्र या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्याच दिवशी स्कूबा असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

*

स्कूबा. मालवण-तारकर्लीला पहिला डाइव्ह केलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे पाणी बऱ्याचदा गढूळसर, चार-पाच मीटरपुढचं दिसत नाही, त्यामुळे माणूस आपोआप प्रशिक्षकाला धरून राहतो. लक्षद्वीपला वीस-पंचवीस मीटरपर्यंत लख्ख दिसतं आणि खोलीचा अंदाजच येत नाही. तळ जवळ वाटतो, माणूस उतरत राहतो. मनगटावरच्या किंवा टाकीला जोडलेल्या गेजवरचा खोलीचा आकडा बघत राहा. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीच्या ओळख-डाइव्हची मर्यादा १२ मीटर आहे.

कान: पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून सगळा त्रास वरच्या थरातच असतो. डोकं पाण्याखाली गेल्यापासूनच, दर अर्ध्या मीटरला, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखायला लागल्यावर फुंकणं म्हणजे उशीर झाला. मग मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. नाही जमलं तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दी असेल तर पैसे भरले असले तरी नाही.

श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. नेहमीची टाकी २०० बारच्या (बार हे हवेच्या दाबाचं माप) आसपास भरलेली असते, पन्नास बार उरलेले असताना तुम्ही वर असायला हवं.

खुणांत आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. किनाऱ्यावर दहा वेळा करून घ्या, कारण आनंदात हात सवयीने अंगठाच दाखवतो.

आणि परतीचं विमान. एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही. अगत्तीहून उडणाऱ्यांनी शेवटचा दिवस कयाकला किंवा स्नॉर्केलला ठेवावा. सहलीचा कार्यक्रम ठरवणारे हे विसरतात, म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा. जहाजाने परतणाऱ्यांना ही अट नाही.

*

पोहता येत नाही, तर काही बघता येईल का? आई साठीची आहे.

*

येईल. कंबरभर पाण्यात, वाळूवर, आधी दहा मिनिटं नुसतं तोंडाने श्वास घ्यायची सवय करायला लावा. गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचं, चेहरा पाण्यात, पाय जमिनीवर. स्नॉर्केलमध्ये पाणी शिरलं तर 'थू' करून जोरात फुंकलं की निघतं, हे तिथेच पाच वेळा करून घ्या. लाइफ जॅकेटचा मांडीतून जाणारा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर जॅकेट वर सरकून हनुवटीत अडकतं आणि माणूस घाबरतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांचा होकार घ्या. एवढं झालं की मार्गदर्शकाने जॅकेटच्या खांद्याला धरून संथ पाण्यात वीस मिनिटं फिरवायचं, त्याहून जास्त नको. आणि तरीही नको वाटलं तर काचेच्या तळाची बोट आहे. त्यासाठी डोक्यावर ऊन असलेली वेळ निवडा, सकाळच्या तिरप्या उन्हात खालचं धूसर दिसतं.

*

कयाकचं अजून कोणी लिहिलं नाही. सिट-ऑन-टॉप (आत नव्हे, वर बसायचं) कयाक उलटलं तर वल्हं आधी धरा. उलट्या कयाकवरून हात टाकून पलीकडची कड पकडा आणि अंग मागे झोकून ते सरळ करा. मग मध्यावर येऊन पाय मागे आडवे उचला, जोरात मारा आणि पोट आडवं कयाकवर ओढून घ्या. पोट पोचल्यावर पलटून बसा. उभ्याने चढायचा प्रयत्न केला की ते पुन्हा अंगावर येतं. किनाऱ्याजवळ एकदा मुद्दाम उलटवून पाहावं.

जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून सकाळी निघा. पाण्याचा रंग वाचायला शिका: फिकट हिरवा म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ, गडद निळा म्हणजे खोल. सूर्य पाठीमागे असेल तरच हे रंग नीट दिसतात. तपकिरीवरून नेलं तर ओहोटीत तळ घासतो. कयाक फार तर ओरखडतं, प्रवाळाचा मात्र कित्येक वर्षांत वाढलेला भाग तुटतो.

*

जखमांबद्दल, कारण बेटावर मोठं रुग्णालय जवळ असेलच असं नाही.

प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो आणि आठवडाभर चिघळतो. त्यात प्रवाळाचे बारीक कण आणि जंतू राहतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा, चिमट्याने कण काढा, मग अँटिसेप्टिक. दुखतं म्हणून चोळणं टाळलं की पिकतं.

स्टोनफिश दगडासारखाच दिसतो. काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास ठेवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. पाण्याचा गरमपणा दुसऱ्याने हाताने तपासावा, वेदनेत भाजलेलं कळत नाही. हे टाळायचं तर जाड तळव्याचे बूट, आणि वाळूत पाय न उचलता घासत चालणं, म्हणजे पाकट असला तरी निघून जातो. शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख जिवंत असू शकतो आणि त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. हात लावू नका.

मोठा ट्रिगरफिश अंड्यांवर असला की अंगावर धावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, त्यामुळे पृष्ठभागाकडे पळून उपयोग नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून आडवे बाजूला सरका.

*

उन्हापासून वाचायला सनस्क्रीन क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा लायक्रा शर्ट घाला. स्नॉर्केल करताना पाठ, मान आणि पोटऱ्या तासन्‌तास वर राहतात, आणि क्रीम पाण्यात जाऊन प्रवाळावर बसतं. चेहऱ्यापुरतं झिंक ऑक्साइडचं क्रीम पुरे.

१९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ पांढरं पडलं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे. ते उपाशी असतं, पाणी निवलं तर सावरू शकतं. अशा वेळी त्याच्यावर उडालेली वाळूही भार होते. म्हणून फिन खाली सोडून उभं राहायचं नाही. थांबायचंच असेल तर पाठीवर उताणं व्हा.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत घालू नका. प्रवाळ, समुद्रकाकडी, मोठे शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची.

*

सामान धुण्याबद्दल. बेटावरचं गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर, जास्त उपसला की विहिरी खाऱ्या होतात. कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या पाण्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे, तोही अख्ख्या बेटाला पुरवायचा आहे. म्हणून शॉवरखाली फिन धरून बसू नका. चौघांच्या सामानाला दोन बादल्या पुरतात. पहिलीत आधी मास्क आणि कॅमेरा, मग स्नॉर्केल, शेवटी फिन आणि बूट. दुसरीत याच क्रमाने एकेकदा बुडवून सावलीत वाळत घाला. उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं. उरलेलं पाणी वाळूचे पाय धुवायला.