मदत हवी आहे: क्रोशाच्या टोपलीचा तळ सपाट बसत नाही, वाटी होते (आखाजीच्या आत तीन टोपल्या करायच्या आहेत)

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या तिन्ही नणंदा माहेरी येतात. दरवर्षी त्या परत जायला निघाल्या की खण, बांगड्या आणि सांजोऱ्यांचा पुडा आम्ही कापडी पिशवीत घालून देतो. यंदा पिशवीऐवजी स्वतः विणलेली छोटी टोपली द्यायची असं मी संक्रांतीलाच ठरवलं होतं. आता वीस दिवस राहिलेत आणि अजून एकही टोपली धड झालेली नाही. म्हणून इथे विचारते आहे.

टोपली कशी हवी ते आधी सांगते. तळ साधारण 10 सेंटिमीटरचा, गोल. उंची 7-8 सेंटिमीटर. वर एक कडी. दोरा जाड, सुती, चार पदरी, जळगावच्या फुले मार्केटमधून आणला आहे. पांढऱ्याच्या चार गड्ड्या आणि काठासाठी लाल एक. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो, गाड्या भरून जिनिंगला जातो, आणि दोरा मात्र दुकानातून मोजून आणायचा, हे तेव्हा मनाला लागलं. असो. सुई 3 मिलिमीटरची आहे.

अडचण अशी, की तळ चौथ्या फेरीपासून वर उचलला जातो. सहाव्या फेरीपर्यंत त्याची चक्क वाटी होते. टाके मी प्रत्येक फेरीला मोजते, त्यात चूक नाही: 6, 12, 18, 24, 30, 36. फेरीच्या पहिल्या टाक्याला लाल दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवते, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळतं.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं:

हात सैल सोडून विणलं. वाटी थोडी मोठी झाली, इतकंच. मग प्रत्येक फेरीत मनाने दोन-तीन टाके जास्त घातले, तर एका बाजूला झालर आली आणि दुसरी बाजू तशीच वर. ओला करून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवला. सकाळी सपाट होता, दुपारी उन्हात वाळला आणि पुन्हा कडा वर. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "हाई सपाट का बरं व्हत नही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नमुना माझ्या आईच्या वहीतला आहे. आईने लग्नाआधी शिवणाच्या वर्गात ही वही लिहिली होती. तिने केलेली अशी एक टोपली आमच्या घरी होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यातून सुपाऱ्या फिरायच्या. वहीत लिहिलंय: "6 डबल क्रोशे, दर फेरीत 6 वाढ, दहा फेऱ्या." मी तसंच करते. डबल क्रोशे कसा घालायचा ते व्हिडिओ पाहून शिकले. आईला विचारलं असतं, पण तिला आता जवळचं नीट दिसत नाही आणि विणून चाळीस वर्षं झाली, तिच्या लक्षात नाही.

कुणाला काही सुचतं का?

प्रतिसाद, नाशिकहून

ताई, वाढ सगळीकडे सारखी पसरते आहे ना? दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसऱ्या फेरीत एक सोडून एक, चौथ्या फेरीत दोन सोडून एक, अशी. आणि एक सांगा, टाक्यात सुई घालायच्या आधी तुम्ही सुईवर दोरा गुंडाळता का?

मूळ लेखिका

हो, वाढ अगदी तशीच आहे. आणि हो, आधी एक वेढा घेते, मग सुई घालते, दोरा ओढते, आणि दोन-दोन करून सोडवते. व्हिडिओत डबल क्रोशे तसाच दाखवला आहे.

प्रतिसाद, धुळ्याहून

सापडलं. तुझ्या हातात चूक नाही आणि आईच्या वहीतही नाही. दोघींचा डबल क्रोशे वेगळा आहे.

मी पंचवीस वर्षं मुलींना विणकाम शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडे पूर्वी जे लिहिलं जायचं ते ब्रिटिश पद्धतीचं. तू पाहतेस ते व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचे. नावं तीच, टाके वेगळे. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, ज्याला आपण मुका खांब म्हणतो. बुटका टाका, आधी वेढा घ्यायचा नाही. ब्रिटिश ट्रेबल म्हणजे अमेरिकन डबल क्रोशे, तो आपला खांब. तू वहीतला आकडा मुक्या खांबाचा घेतेस आणि विणतेस खांब.

आता वाटी का होते ते बघ. गोल सपाट राहायचा तर त्रिज्या जेवढी वाढेल, त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढायला हवा. मुका खांब जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच रुंद. म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवले की हिशेब बसतो. खांब त्याच्या दुप्पट उंच. त्याला दर फेरीला बारा वाढ लागते: 12, 24, 36 अशी. तू उंची खांबाची दिलीस आणि वाढ मुक्या खांबाची, म्हणून कडेला टाके अपुरे पडले आणि कड आत ओढली गेली. मग मनाने घातलेले टाके जिथे पडले तिथे जास्त झाले, म्हणून झालर.

ताळा करायचा असेल तर वही उघड. त्यात कुठे "सिंगल क्रोशे" असा शब्द आहे का बघ. ब्रिटिश पद्धतीत तो सहसा येत नाही. "ट्रेबल" वारंवार दिसेल.

मूळ लेखिका

मावशी, आत्ता वही घेऊन बसले आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सिंगल क्रोशे कुठेच नाही. ट्रेबल प्रत्येक पानावर आहे, तोरणात, रुमालाच्या काठात, सगळीकडे. मी आठ दिवस आईच्या अक्षरावर शंका घेत होते. मनापासून आभार.

आता मी मुक्या खांबाने करावं, की खांबाने बारा-बारा वाढवून? खांबाने लवकर होईल असं वाटतं.

प्रतिसाद, धुळ्याहून

रुमाल असता तर खांब म्हटलं असतं. टोपलीला मुका खांबच. खांबाच्या मध्ये फटी राहतात, भिंत लुळी पडते. आणि सुई बदल, 2.5 मिलिमीटरची घे. बोटं दुखतील पण वीण घट्ट येईल आणि टोपली स्वतःच्या बळावर उभी राहील. दहा फेऱ्यांनी 60 टाके होतील. तळ 10 सेंटिमीटरपेक्षा थोडा लहान भरला तर अकरावी फेरी घाल, 66 टाके. वहीतल्या दहाला अडून बसू नको, फूटपट्टी लावून ठरव.

एक बारीक गोष्ट. प्रत्येक फेरीत वाढ बरोबर आधीच्या वाढीच्या डोक्यावर आली की गोलाचा षट्कोन होतो. म्हणून एक फेरी सोडून पुढच्या फेरीत वाढीची जागा दोन-तीन टाके सरकव. टाक्यांची संख्या तीच राहते.

तळ संपला की भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून घे, वाढ बंद. पुढचा धागा मोकळा राहून बाहेरून एक रेघ उमटते आणि भिंत तिथून ताठ वळते. ही फेरी चुकवू नको, टोपली आणि वाटी यातला फरक तिथेच पडतो. नंतरच्या फेऱ्या दोन्ही धाग्यांतून, साध्या.

प्रतिसाद, चाळीसगावहून

कडक कशी करायची तेही विचारून ठेवा ताई. माझी पहिली टोपली तीन दिवसांत बसली होती.

मूळ लेखिका

हो, ते विचारणारच होते. आईची टोपली साखरेच्या पाण्यात कडक केलेली होती. समान साखर, समान पाणी, पाक होऊ न देता उकळायचं, टोपली बुडवायची आणि वाटीवर वाळवायची, असं वहीच्या शेवटच्या पानावर आहे. पण ती पावसाळ्यात चिकट व्हायची आणि एका वर्षी मुंग्यांनी तिचा तळ भरून गेला. आईने दोनदा धुऊन पुन्हा केली आणि मग सोडून दिली. नणंदांपैकी एकीचं घर तापीच्या काठाला आहे, तिथे तर दमट हवा. साखर नको वाटते.

प्रतिसाद, चाळीसगावहून

साखर नकोच. दोन रस्ते आहेत. साबुदाण्याची खळ: दोन मोठे चमचे साबुदाणा तासभर भिजवून अर्धा लिटर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या, कोमट असताना टोपली बुडवून पिळा. सुती साड्यांना करतो तशीच, फक्त दाट. धुतली की निघून जाते, पुन्हा घालता येते. दुसरा, फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी दोन भाग. हे जास्त कडक होतं आणि टिकतं, पण त्यात खायची वस्तू उघडी ठेवू नका.

आकारासाठी स्टीलचा डबा उपडा घाला, त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा, म्हणजे चिकटणार नाही. तळावर दुसरी सपाट ताटली दाबून ठेवा. आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात एका दुपारी खडखडीत वाळतं, फक्त मधे एकदा फिरवा, नाहीतर एका बाजूला खळीचे पांढरे डाग राहतात.

आणि तुमच्याकडे लाल दोरा आहे म्हणून सांगते, खळीआधी लाल तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग उतरला तर लाल काठ वेगळा विणून, धुऊन, मग शिवा. माझा पांढरा रुमाल असाच गुलाबी झाला होता.

प्रतिसाद, सावद्याहून

कडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नुसत्या टाक्यांची कडी लांबते, सांजोऱ्यांचं वजन पडलं की खाली झोळ येतो. मी जाडसर सुताची दोरी आत धरून तिच्याभोवती मुके खांब घालते. कडीचं टोक फक्त काठाला टाचू नका, भिंतीच्या आतून तीन फेऱ्या खाली नेऊन तिथपर्यंत शिवा. सगळा भार त्या शिवणीवर येतो.

आमच्या केळीच्या बागा, त्यामुळे घडाच्या कापणीनंतर खोडाच्या धाग्यानेही मी एकदा विणून पाहिलं. कडकपणा छान येतो, खळ लागतच नाही, पण धागा सुईत अडतो, तुटतो आणि बोटं कापतात. आखाजीच्या घाईत त्याच्या वाटेला जाऊ नका. कडीत घालायला मात्र त्याची वळलेली दोरी उत्तम. हवी असेल तर सांगा, जळगावला येणाऱ्या कुणाच्या हाती देईन.

मूळ लेखिका, सहा दिवसांनी

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. पहिली टोपली झाली. तळ 11 फेऱ्यांचा, 66 टाके, टेबलावर ठेवला की चारही बाजूंनी बसतो, खाली कागदाचं पान सरकत नाही. 2.5 ची सुई खरंच जड गेली, अंगठ्याला पट्टी बांधून विणलं. लाल दोऱ्याचा रंग उतरला, म्हणून काठ वेगळा केला. साबुदाण्याची खळ घातली, फेव्हिकॉल नको, कारण सांजोऱ्या ठेवायच्या आहेत. तरी तुपकट पुडा थेट नको म्हणून तळाला केळीच्या पानाचा गोल कापून ठेवणार आहे.

टोपली घेऊन काल शिरपूरला आईकडे गेले होते. तिने ती खिडकीजवळ नेली नाही, मांडीवर उपडी ठेवली आणि तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. जिथे ती रेघ आहे तिथे थांबली आणि म्हणाली, "मागचाच धागा घेतलास ना." वहीत ते लिहिलेलं नाही. मी पुन्हा पाहिलं, खरंच नाही. मग तिने सांगितलं, की तिच्या बाईंनी ते हात धरून दाखवलं होतं, लिहायला सांगितलं नव्हतं.

मी आता वहीच्या त्या पानावर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत: डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. भिंतीची पहिली फेरी मागच्या धाग्यातून.

दुसरी टोपली 42 टाक्यांच्या फेरीवर आहे. सावद्याच्या ताई, दोरी नक्की हवी आहे. पुढच्या मंगळवारी माझा भाचा जळगावला येतो आहे, त्याच्याकडे द्याल का? तीन कड्यांना किती हात दोरी लागेल तेही सांगा, आणि टोकं उसवू नयेत म्हणून गाठ मारता की मेण लावता?

प्रतिसाद, सावद्याहून

टोपलीच्या एका काठावरून पलीकडच्या काठापर्यंत कडीची कमान मोजा, त्यात दोन्हीकडचे तीन-तीन फेऱ्यांचे भाग धरा आणि वर चार बोटं जास्त. तुमच्या मापाला एका कडीला हातभर पुरेल. पाच हात पाठवते, एखादी चुकली तर हाताशी असू दे. गाठ मारू नका, भिंतीतून टोचते. टोकाला दोरा दहा-बारा वेढे घट्ट गुंडाळून त्याच दोऱ्याने आतून टाका घाला. मंगळवारी सकाळी अकराच्या आत भाच्याला फोन करायला सांगा.