भावना खरी असूनही कविता खोटी का वाटते?

प्रश्न : निळी शाई

गेली काही वर्षे मी नियमितपणे कविता लिहिते आणि लिहिलेले जवळच्या मोजक्या माणसांना वाचून दाखवते. ऐकणारे बहुतेक वेळा कौतुक करतात, एखाद्याचे डोळेही पाणावतात. तरीही काही आठवड्यांनी तीच कविता मी एकटीने वाचते, तेव्हा ती कुणीही लिहिलेली असू शकेल असे वाटत राहते. उदाहरणादाखल, वडील गेल्यानंतर लिहिलेल्या कवितेचे हे पहिले कडवे देते :

काळजाच्या ओल्या कुपीत
आठवणींचे मोती जपले,
बाबा, तुमच्या जाण्याने
आभाळच माझे हरपले

हे लिहिताना मी मनापासून रडत होते. त्या दुःखात तसूभरही दिखावा नव्हता. मग कागदावर उतरलेले दुःख मला उसने का वाटते? शब्दसंग्रह अपुरा पडतो की वाचन कमी पडते, की वृत्त आणि यमक यांच्या नादी लागल्यामुळे असे होते, हे मला ठरवता येत नाही. मुक्तछंदात लिहिले म्हणजे हा दोष आपोआप जाईल का, असाही विचार मनात येतो. ज्यांनी या प्रश्नाशी झगडून काही वाट काढली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कडव्याची चिरफाड केली तरी मला वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद : अधोरेखित

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे काहीच कारण नाही आणि दोष तिथे शोधूही नये. लिहिणाऱ्याच्या मनातली भावना खरी असणे आणि ती ओळीत खरी उतरणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी आपोआप घडत नाही. किंबहुना भावना जितकी तीव्र असते तितके आपण घाईत असतो, आणि घाईत हाताला लागतात ते आधी कुणीतरी घडवून ठेवलेले शब्दसमूह. काळजाची कुपी, आठवणींचे मोती, हरपलेले आभाळ हे तिन्ही आपल्या भाषेत तयार मिळतात. ज्याने कुणी ते पहिल्यांदा योजले असतील, त्याच्या हातात ते जिवंत असतील. आपल्यापर्यंत येईतो त्यांतले पाहणे संपलेले असते आणि उरते ती फक्त ‘इथे दुःख आहे’ अशी सूचना. श्रोत्याचे डोळे पाणावतात ते बऱ्याचदा त्या सूचनेला दिलेले उत्तर असते. त्याला स्वतःचे दुःख आठवते, तुमच्या वडिलांची ओळख मात्र होत नाही.

हे पडताळून पाहायचे असेल तर तिसऱ्या ओळीत ‘बाबा’च्या जागी ‘मित्रा’ घालून वाचा. दोन्ही शब्दांच्या मात्रा, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाची मापे, चारच आहेत, त्यामुळे ओळ अडखळत नाही. खरी अडचण अशी की अर्थही अडखळत नाही. जी व्यक्ती गेली ती बदलली तरी कडवे जसेच्या तसे उभे राहते, याचाच अर्थ त्या व्यक्तीचा त्यात मुळीच शिरकाव झालेला नाही. ‘हरपले’ हा शब्दही मला संशयास्पद वाटतो. तो आभाळामुळे आला की वरच्या ‘जपले’ला जोड हवी होती म्हणून आला, हे तुम्ही स्वतःला विचारून पाहावे.

मी माझ्या खर्ड्यांवर एक साधी कसोटी लावतो. पहिला खर्डा झाला की पूर्वी कुठे वाचलेल्या वा ऐकलेल्या प्रत्येक शब्दसमूहाखाली रेघ ओढायची. ‘वेदनेचा डोह’, ‘स्वप्नांचे पंख’, ‘मनाचा गाभारा’ अशा, एका अमूर्त नावाला ‘चा-ची-चे’ लावून त्यापुढे एक सुंदर वस्तू ठेवणाऱ्या रचनांवर विशेष लक्ष ठेवावे. त्या फार सहज सुचतात आणि म्हणूनच फार थोडे सांगतात. रेघ ओढलेले सगळेच काढून टाकावे असे नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारावा : हे सुचले त्या क्षणी मी प्रत्यक्षात काय पाहत होते, काय ऐकत होते, हातात काय होते?

म्हणून आता कविता बाजूला ठेवून, साध्या गद्यात, एकही उपमा न वापरता सांगाल का : वडील गेल्यानंतर घरात वावरताना तुम्ही नेमक्या कोणत्या गोष्टीपाशी थबकलात?

निळी शाई

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले, याचे मलाच आश्चर्य वाटले. बाबा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विजेच्या मीटरचा आकडा एका वहीत लिहून ठेवत. बिल बरोबर येते की नाही हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी ती सवय लावून घेतली होती. ते गेल्यानंतर कागदपत्रे आवरताना ती वही मिळाली. शेवटचा आकडा थोड्या थरथरत्या हाताने लिहिलेला आहे आणि त्याच्याखाली पुढच्या महिन्यासाठी पट्टीने ओळ आखून ठेवलेली आहे. मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले होते. पण हे कवितेत येण्याजोगे आहे असे त्या वेळी मनाला शिवलेही नाही, कारण मीटर, बिल, पट्टी हे शब्द कवितेचे वाटत नव्हते.

प्रतिसाद : लघुगुरू

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातला वृत्त-यमकाचा मुद्दा अनुत्तरित राहू नये म्हणून लिहितो. छंदामुळे कविता खोटी होते आणि मुक्तछंदात ती खरी होते, हा समज आता इतका पसरला आहे की नव्याने लिहिणारे छंद शिकण्याआधीच सोडून देतात. मुक्तछंदातही तयार शब्दसमूह तितक्याच सुखाने राहतात. ‘आठवणींचे मोती’ यमकाशिवायही तेवढेच निर्जीव असतात.

मर्ढेकरांचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी मोलाचे वाटते. 1939 साली आलेल्या ‘शिशिरागम’ या त्यांच्या कवितासंग्रहात आधीच्या पिढीच्या कवितेचे वळण स्पष्ट दिसते. 1947 मध्ये ‘काही कविता’ हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा मराठीत पूर्वी न ऐकलेला आवाज ऐकू आला, आणि त्यासाठी त्यांनी जे छंद जवळ केले त्यांत शतकानुशतके चालत आलेले ओवी आणि अभंग होते. म्हणजे आवाज नवा, पण चाल संतांची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांचीही कविता लयीच्याच आधाराने उभी राहिली. तिच्यात उसनेपणा शोधूनही सापडत नाही. लयीने खरेपणाला धक्का लागतो असे म्हणायला आपल्या परंपरेत तरी आधार मिळत नाही. दुसऱ्याच्या वळणावर काही काळ लिहिण्याचीही धास्ती बाळगू नये. तो शिक्षणाचा भाग आहे, फक्त तिथेच मुक्काम पडू नये.

छंदाचा धोका वेगळा आहे आणि तो नेमकेपणाने ओळखावा लागतो. तुमच्या वहीवरच एक चरणगट बांधून दाखवतो. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते :

वहीत आकडे / बाबांनी मांडले / नाहीत सांडले / एकदाही

अक्षरे मोजून पाहा, हिशेब चोख आहे. आता तिसऱ्या चरणाकडे पाहा. ‘मांडले’ला यमक हवे होते म्हणून ‘सांडले’ आले, आणि ते आल्यामुळे मी एक विधान करून बसलो : तुमच्या वडिलांनी एकही महिना चुकवला नाही. हे मला ठाऊक नाही. मी ती वही पाहिलेली नाही. यमकाने माझ्या वतीने एक गोष्ट ठरवून टाकली आणि ऐकायला ती इतकी बरी वाटते की सहसा कुणी तपासायला जात नाही. छंदात लिहिणाऱ्याने शिकायचे ते हेच, की यमकाने हाती दिलेले प्रत्येक विधान उलटून पाहायचे; खरे निघाले तर ठेवायचे, नाही तर चरण मोडून पुन्हा बांधायचा. ‘जणू’, ‘सखे’, ‘पुन्हा पुन्हा’ यांसारखे भरतीचे शब्दही असेच तपासावेत. मात्रा भरणे एवढेच त्यांचे काम असेल तर ते वाचकाला जाणवते. तेव्हा आपणच सांगा : महिना कधी चुकला होता का?

निळी शाई

आपला प्रतिसाद वाचून मी वही पुन्हा काढून पाहिली. महिने चुकलेले आहेत. आई रुग्णालयात होती त्या काळातल्या ओळी आखलेल्या आहेत, तारखाही घातलेल्या आहेत, पण आकडे नाहीत. बाबांनी त्या नंतरही अंदाजाने भरल्या नाहीत. रिकाम्याच सोडल्या आणि पुढे लिहू लागले. ही वही माझ्याकडे इतके दिवस होती, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी फक्त शेवटचे पान उघडत होते.

प्रतिसाद : दुसरा काठ

चर्चा फार उपयुक्त वळणावर आली आहे, पण तिच्यातून एक चुकीचा अर्थ निघू नये अशी इच्छा आहे. कवितेतील प्रत्येक तपशील कवीच्या आयुष्यात घडलेलाच असला पाहिजे, असा नियम करता येणार नाही. संतकवींनी विरहिणी आणि गौळणी स्त्रीच्या तोंडी लिहिल्या; त्यातला ‘मी’ लिहिणारा पुरुष नव्हता, म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. परकायाप्रवेश हा कवितेचा फार जुना हक्क आहे. उद्या ज्यांचे वडील हयात आहेत अशा कुणी ही वही कल्पनेने निर्माण केली, तर तीही खरी असू शकेल. अट एवढीच, की कल्पना करणाऱ्याने शेवटच्या पानावर न थांबता आधीची पानेही तितक्याच निगुतीने कल्पावीत. रिकाम्या ओळी कुठे आहेत आणि त्या का रिकाम्या आहेत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे, मग ते कवितेत येवो वा न येवो.

दुसरी शंका तपशिलाबद्दलच. गेलेल्या माणसाचा चष्मा, काठी, रिकामी खुर्ची या वस्तू एके काळी तपशील होत्या. आता त्याही ‘आठवणींच्या मोत्यां’च्याच रांगेत जाऊन बसल्या आहेत. वस्तूचे नाव घेतले की काम झाले असे समजणे धोक्याचे आहे. इथे मला हलवते ती वही नव्हे, तर हिशेबाला चोख असलेल्या माणसाने अंदाजाचा आकडा न घालण्याचा घेतलेला निर्णय. त्यात त्यांचा स्वभाव आहे.

निळी शाई

आपणा सर्वांचे म्हणणे डोक्यात ठेवून नवा खर्डा केला आहे. अभंगात बसवण्याचा प्रयत्न केला, पण ‘मीटर’ आणि ‘रुग्णालय’ यांना सांभाळताना वाक्ये वाकू लागली, म्हणून सध्या मुक्त ठेवला आहे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला
तुम्ही मीटरचा आकडा लिहीत होता.
आई रुग्णालयात होती त्या ओळी
आखलेल्या आहेत, रिकाम्या आहेत.
नंतरही भरल्या नाहीत तुम्ही.
शेवटच्या आकड्याखाली
अजून एक ओळ आखलेली आहे.
मृत्यू म्हणजे न लिहिलेला आकडा

प्रतिसाद : अधोरेखित

आता ‘बाबा’ हा शब्द कुठेही नाही, तरी ते पहिल्या ओळीपासून समोर आहेत, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येत नाही. ‘नंतरही भरल्या नाहीत तुम्ही’ या ओळीतला ‘तुम्ही’ शेवटी गेल्यामुळे बोलण्याचा सूर लागला आहे. तो हलवू नका. चौथ्या ओळीत ‘आहेत’ दोनदा आले आहे. ते मला आवडले, कारण तिथे वही तपासणाऱ्याचा संथपणा ऐकू येतो, पण मोठ्याने वाचून आपल्या कानाला पटते का ते पाहा.

शेवटची ओळ मात्र काढावी, असे मी आग्रहाने सुचवतो. ‘मृत्यू म्हणजे’ अशी सुरुवात झाली की कवयित्री वहीपासून उठून वाचकाला अर्थ समजावू लागते. वरच्या दोन ओळींनी ते काम आधीच केलेले आहे, शिवाय अशा व्याख्या आपल्याकडे उदंड आहेत. आणखी एक कारण : या ओळीमुळे आईच्या आजारपणातल्या रिकाम्या ओळींनाही मृत्यूचाच अर्थ चिकटतो, जो तुमच्या हकिकतीत नाही. त्या ओळी रिकाम्या आहेत कारण त्या दिवसांत त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. दोन रिकामेपण वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहू द्यावेत.

छंदाचा प्रयत्न इतक्यात सोडू नये. ‘रुग्णालय’ हा शब्द जड जात असेल तर ‘आई आजारी होती’ एवढे म्हणूनही चालते का, ते तपासा. वाक्य वाकवून अभंग साधण्यापेक्षा ओवीचा सैलपणा या मजकुराला अधिक मानवेल, असे मला वाटते. लघुगुरू यांनी यावर मत द्यावे.

प्रतिसाद : लघुगुरू

ओवीबद्दल सहमत आहे. तिच्यात चरणांची अक्षरसंख्या कमीजास्त चालते, त्यामुळे ‘मीटर’लाही जागा होईल आणि बोलण्याची चाल मोडणार नाही. पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा, एवढेच धरून चला. तो चौथा चरण रिकाम्या ओळींसाठी राखून ठेवता येईल. ‘रुग्णालय’ काढण्याआधी मात्र थोडे थांबा. ‘आजारी’ म्हटले की बाबा घरीच असू शकतात, आणि मग आकडा का लिहिला गेला नाही याचे कारण पुसट होते. खर्डा झाला की इथेच द्या. अक्षरांपेक्षा यमकांनी काय काय ठरवून टाकले आहे, ते आधी पाहू.