रायगड एका दिवसात, ७२ वर्षांच्या बाबांसोबत: जगदीश्वराच्या देवळापर्यंत जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याहून रायगडला जाऊन त्याच दिवशी परतायचा विचार आहे. बाबा, मी, नवरा आणि लेक. बाबांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलून दोन वर्षं झाली आणि डावा गुडघाही आता कुरकुरायला लागलाय. सपाटीवर रोज पाऊण तास चालतात, पण उतार आला की माझा हात लागतो. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं पूर्ण बंद आहे.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. चौथीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असायचा, त्यामुळे रायगड त्यांनी किती मुलांना शिकवला असेल याची गणतीच नाही. स्वतः मात्र गडावर एकदाच गेलेत, १९७४ साली, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली त्या वर्षी, कॉलेजातल्या मित्रांबरोबर, चित दरवाजाकडून पायऱ्या चढून. पुढे नोकरी, आजीचं आजारपण, आमची शिक्षणं, यात जाणं राहूनच गेलं. यंदा नात चौथीत आहे. तिला रायगड आपणच दाखवायचा, एवढी एकच गोष्ट ते मागताहेत. एरवी स्वतःसाठी काहीही न मागणारा माणूस आहे, म्हणून मला हे नीट पार पाडायचंय.

मागच्या वर्षी एकदा गेलो होतो. रविवार, त्यात सलग सुट्ट्या आणि आम्ही पोचलो साडेअकराला. हिरकणीवाडीला रोपवेची रांग बघूनच बाबा म्हणाले, एवढा वेळ मला उभं राहवणार नाही. चूक आमचीच, काहीच चौकशी न करता निघालो होतो. मग पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर गेलो. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला, मधे अकराच दिवस, हे बाबांनी लेकीला तिथे उभं राहून सांगितलं. चपला काढल्या, समाधीवर तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले आणि निघताना गडाकडे बघत म्हणाले, "चला, आईचं तरी दर्शन झालं." परतताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही.

म्हणून या वेळी आठवड्याच्या मधला वार घेतोय, शाळेत रजेचा अर्ज देऊन. रोपवेने वर गेलं की राणीवसा, राजसभा, होळीचा माळ हे सगळं बेताच्या अंतरावर आहे, तिथवर थांबत थांबत जमेल असं वाटतं. नगारखान्यापाशी उभं राहून सिंहासनाच्या जागेवरून बोललेलं ऐकायचं, हे आजोबा-नातीचं आधीच ठरलंय. माझी खरी काळजी त्यापुढची आहे. बाजारपेठेतून जगदीश्वराकडे जायचं म्हणजे उघड्यावरची वाट, सावलीला झाड नाही, आणि पुढे देवळाकडे उतार. जाताना उतरतील, पण येताना तोच चढ भर उन्हात. गुडघ्याचं दुखणं असलेल्या कुणाला तुम्ही तिथवर नेलंय का? जाऊन येऊन किती वेळ लागला? डोली किंवा पालखी मिळते का, आणि मिळत असेल तर ती आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते की वर गेल्यावर? बाबा डोलीला आधी नाहीच म्हणतील, पण सोय आहे हे माहीत असलं तर मला धीर येईल. देवळाजवळच्या महाराजांच्या समाधीपाशी पोचून तसंच परत फिरावं लागलं, असं त्यांच्या बाबतीत व्हायला नको.

रोपवेचं तिकीट आधी काढून ठेवलं तर रांग टळते का? सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत चढायचं तर पुण्याहून पहाटे किती वाजता निघावं? ताम्हिणी उतरून निजामपूरवरून थेट पाचाडला येणारा रस्ता सध्या कसा आहे, की माणगाव-महाड असा वळसा बरा? बाबांना खड्ड्यांचा त्रास होतो, अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. वाऱ्यामुळे रोपवे बंद ठेवतात असं ऐकलंय. नोव्हेंबरात तसं होतं का? आणि वर बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे तेही सांगा.

जेवणाचं फार नाही. पिठलं-भाकरी मिळाली की बाबा खूश.

एक शेवटचं, आणि बाबांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजींची ओळ कोरलेली आहे ना, 'सेवेचे ठायी तत्पर', ती त्यांना नातीकडून वाचून घ्यायची आहे. ज्याने सगळा गड बांधला त्याने आपलं नाव पायरीवर कोरलं, हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज बदलतो. १९७४ ला घाईत ती पायरी बघायचीच राहून गेली होती. ती नेमकी कुठल्या बाजूला आहे? अक्षरं उभ्याने वाचता येतात की खाली बसावंच लागतं? तसं असेल तर मी घडीचं स्टूल बरोबर घेईन. ते रोपवेतून वर नेऊ देतात का, तेवढं कुणीतरी सांगा.