अंडी-मांस न खाता स्नायू वाढवायचे असतील तर घरच्या जेवणातून पुरेशी प्रथिने कशी मिळवावीत?

मांजराकाठ :
माझे वय 24 असून वजन 60 किलो आहे. मी लातूरला आई-वडील आणि आजीसोबत राहतो. आमच्या घरात अंडी चालत नाहीत आणि मलाही ती खायची नाहीत. काही महिन्यांपासून मी व्यायामशाळेत नियमितपणे वजने उचलतो. सुरुवातीला ताकद चांगली वाढली, परंतु आता ना वजन वाढते आहे ना ताकद. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटे आणि रात्री भाकरी, भाजी व वरण-भात असा माझा आहार आहे. प्रशिक्षकांनी प्रथिनांच्या पावडरचा डबा घ्यायला सांगितले आहे, परंतु दरमहा तो खर्च मला झेपणार नाही. रोज वरण खात असूनही प्रथिने कमी पडत असतील का, आणि पडत असतील तर घरच्याच पदार्थांतून ती भरून काढता येतील का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

पोषणविचार :
कमी पडत आहेत, हे तुम्ही लिहिलेल्या आहारावरूनच दिसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे तुम्हाला सुमारे 50 ग्रॅम. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्यांसाठी मात्र किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपासचे प्रमाण योग्य समजले जाते, म्हणजे तुमच्या बाबतीत 95 ग्रॅमच्या जवळपास.

आता वरणाचे पाहू. 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, परंतु ते माप कोरड्या डाळीचे आहे. चौघांच्या घरात एका वेळेला तेवढी डाळ शिजवली आणि नेहमीसारखे पातळ वरण केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेपाच ग्रॅम येतात. म्हणून आधी आईंना विचारून एक दिवस डाळ, कडधान्य आणि पीठ शिजवण्यापूर्वी काट्यावर मोजा. प्रथिने नेमकी कुठे कमी पडतात ते तुमचे तुम्हालाच कळेल.

पदार्थ बदलण्याची गरज नाही, ताटातले प्रमाण बदलायला हवे. दुपारी 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ एकट्याने खाल्लीत तर 11 ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि रात्री भाजीऐवजी 50 ग्रॅम बेसनाचा झुणका घेतलात तरी तेवढीच. (मोड आणल्याने पचन सुधारते, प्रथिने वाढत नाहीत; उलट पाणी शोषले गेल्याने मोड आलेल्या मटकीच्या 100 ग्रॅममध्ये ती कोरड्या मटकीपेक्षा बरीच कमी भरतात.) दिवसाकाठी दोन पेले गाईचे दूध घेतले तर 13 ग्रॅम मिळतात. अर्ध्या लिटर दुधाचे दही फडक्यात बांधून चक्का केला तर दुधातली बहुतेक प्रथिने त्यात उतरतात आणि साखर न घालता मीठ-जिरे लावून तो भाकरीशी उत्तम लागतो. बिस्किटांच्या जागी 40 ग्रॅम फुटाणे खा, आठ ग्रॅम प्रथिने येतील. शेंगदाण्यांत प्रथिने भरपूर असली तरी निम्म्याच्या आसपास तेल असते, त्यामुळे मूठभर पुरेत.

सर्वांत स्वस्त आणि भक्कम आधार मात्र सोयाबीनचा. 40 ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. त्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून रस्सा भाजीत घालाव्यात. तुमच्या लातूर भागात तर सोयाबीन शेतातच पिकते, पण घरच्या जेवणात ते फारसे येत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. दळणाच्या नऊ किलो गव्हात एक किलो भाजलेले सोयाबीन घातले तरी पोळीतली प्रथिने वाढतात, पण ते कच्चे घालू नये, कारण कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात व ते उष्णतेने बव्हंशी निष्क्रिय होतात.

जुनीतालीम :
वरील उत्तराशी मी सहमत आहे. कडधान्ये एकदम वाढवली तर पोटात वायू धरतो आणि बहुतेक जण आठवड्याभरात सगळे सोडून देतात. म्हणून प्रमाण हळूहळू वाढवावे, रात्रभर भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि डाळ नीट शिजू द्यावी. दुसरे असे की सारी प्रथिने रात्रीच्या जेवणावर ढकलू नयेत. तुमचा सकाळचा नाश्ता जवळजवळ रिकामा आहे. पोह्यांऐवजी मूगडाळीचे धिरडे आणि दूध घ्या. धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी असते (दोन्ही प्रथिनांचे आवश्यक घटक आहेत), त्यामुळे भाकरी-झुणका किंवा वरण-भात ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्यांव्यतिरिक्त प्रथिने नाहीतच म्हटले तरी चालेल. त्या दिवशी राजगिरा, दूध आणि दह्यावर भर द्यावा.

वजन अजिबात वाढत नाही याचा अर्थ एकूण अन्नही कमी पडते आहे. पोटभर उष्मांक मिळाले नाहीत, तर शरीर खाल्लेली प्रथिनेच इंधन म्हणून वापरते. तेव्हा भात-भाकरी कमी करून डाळ वाढवण्याची चूक करू नका. व्यायामातही दर काही दिवसांनी वजन किंवा आवर्तने वाढवायला हवीत. पावडर वाईट नाही, बहुतेक वेळा तो दुधातलाच अंश असतो. परवडेल तेव्हा घ्यावी, तोपर्यंत तिच्यावाचून काही अडत नाही.

मांजराकाठ :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजच डाळ मोजून पाहिली, माझ्या वाट्याला 20 ग्रॅमसुद्धा येत नव्हती. दळणात सोयाबीन घालायला आई तयार आहे, परंतु ती थायरॉइडची गोळी घेते. तिने त्या पोळ्या खाल्ल्या तर चालतील का?

पोषणविचार :
सोयाबीनमुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, त्यामुळे ती सकाळी उपाशीपोटीच घ्यावी आणि सोयाबीनच्या पोळ्या तिच्यानंतर किमान चार तासांनी खाव्यात. तरीही दळण बदलण्यापूर्वी आईंच्या डॉक्टरांना विचारा, कारण आहारात सोयाबीन नव्याने आले की कधी कधी रक्ततपासणी करून गोळीची मात्रा पुन्हा ठरवावी लागते. तोवर तुमच्यापुरते पीठ वेगळ्या डब्यात ठेवा.